कोअर

शिरोलीच्या फाउंड्रीत अकरा वर्षं
मी पोकळ्या केल्या.
पेटीत वाळू ठासायची, सळईनं वाट ठेवायची वायूला,
भाजून आलेला कोअर तान्ह्या पोरासारखा उचलून
फळीवर मांडायचा.
त्याच्याभोवती कुणीतरी लोखंड ओतायचं.
लोखंड थिजलं की वाळू झडायची,
उरायची जागा.
पंपाच्या पोटात पाणी फिरतं ना,
ती जागा.
भोपळे सुपरवायझर म्हणायचे,
बाईंच्या हातच्या कोअरला ब्लोहोल नाही.

आता माझ्याच मणक्यात एक जागा झालीय.
तिला पेटी कुणाची, हात कुणाचा, ठाऊक नाही.
डॉक्टर नेजदारांनी फिल्म उजेडावर धरली,
पेनाच्या टोकानं दाखवली,
तुरीच्या डाळीएवढी, पांढरी.
पाण्याची गाठ, म्हणाले, शीर दाबतेय.
काढली.
पंधरा महिन्यांनी परत.
परत काढली.
ही तिसरी, शेजारच्याच मणक्याला,
पावट्याएवढी.
डॉक्टर या खेपेला लगेच बोलले नाहीत,
चष्मा पुसत बसले.
तेव्हा मला त्यांचीच दया आली.

पंचगंगेच्या पुलापासून राजारामपुरीपर्यंत
स्पीडब्रेकर किती ते कंडक्टरला माहीत नसेल,
माझ्या डाव्या पायाला माहीत आहे.
कावळा नाक्याच्या अलीकडचा सगळ्यात वाईट.
तिथं मी सीटवरून अर्धी उठते,
मागची बाई विचारते, उतरायचं हाय का?
न्हाई, म्हणते मी,
अजून लई लांब.

भाकरी मी उभ्यानं थापते.
दुसरीनंतर कट्ट्याला पोट टेकते,
चौथी तव्यावर वाकडी पडते.
वाकडी भाकरीही पोटात सरळच जाते, असं सासू म्हणते.
ती पहिल्यापासून कमी बोलणारी,
पण गरम पाण्याची पिशवी
न सांगता भरून ठेवते.

सल्ले तर दारात येऊन पडतात.
कुणी निरगुडीचा पाला, कुणी हाडवैद्य.
शेवटी मुमताज शिकलगार,
माझ्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं वाळू ठासलेली,
आपला नातू घेऊन आली. पायाळू आहे म्हणे.
पाठीवर लाथ मारली की उसण जाते.
ही उसण नव्हे गं, मी म्हटलं.
तरी पालथी झोपले सतरंजीवर.
सहा वर्षांचं पोर.
त्यानं टाक्यांच्या दोन व्रणांकडं नीट बघितलं
आणि पाय इतका हळू टेकवला,
जसा ओल्या फरशीवर टेकवतात.
लागलं का, आजी?
मी उशीत तोंड खुपसलं.
मुमताजला वाटलं, फरक पडला.

वाळूतून लोखंड, लोखंडातून पाणी
असं काहीतरी सुचतं मला रात्री तीनला,
गुडघ्याखाली उशी घेऊन छताकडं बघताना.
पोकळी असते म्हणून पंप चालतो, वगैरे.
सकाळी ते खोटं वाटतं.
पंपाला दुखत नाही.

दिनकर रविवारी माझी नखं कापतो, पायाची.
मला वाकता येत नाही म्हणून सुरू झालं.
पहिल्यांदा मी लाजून पाय ओढून घेतला होता,
करंगळीला रक्त आलं.
आता वर्तमानपत्र पसरतो, नाकावर चष्मा,
डाव्या पायाला मुंग्या आहेत हे त्याला माहीत,
म्हणून प्रत्येक बोट आधी दाबून विचारतो,
कळतंय?
अंगठा, कळतोय.
त्याच्या शेजारचं, कळतंय.
मधलं,
थांब जरा.
परत दाब.

मंगळवारी नऊ वाजता नंबर आहे.
तिसऱ्यांदा काढायची की गोळ्यांवर ढकलायचं,
अजून ठरलं नाही.
त्यानं मधलं बोट धरून ठेवलंय.
गल्लीत कुणाचं तरी मिक्सर चालू आहे.
मी डोळे मिटून
त्या बोटापर्यंत जायचा प्रयत्न करतेय.