गेल्या वर्षीची जमीन

द्रौपदीबाई बागली यांनी चष्मा पुसला,
माझी ओळ दोनदा वाचली,
आणि कागद माझ्याकडे सरकवला
संपलेल्या चहाच्या कपासारखा.
"बरी आसा. पूण ही मिर्सांगेच्या पाकिटार
घाली तरी चलतली."
आगरवाड्याच्या मिठागर संस्थेत सहाजणी होत्या,
एकही हसली नाही.
तेच जास्त लागलं.

परतताना इनासियो गाडी चालवत बोलत राहिला:
गावच्या बायका, त्यांना काय कळतंय,
बजेट तरी काय होतं,
सोमवारी तो बिल्डर आहे, तो कशालाच नाही म्हणत नाही.
मी मान हलवत होतो.
शिवोलीच्या पुलावर मान दुखायला लागली.

मळ्यातल्या आमच्या ऑफिसात भिंतीवर बक्षीस आहे,
दोन हजार तेरा, छत्रीची जाहिरात,
काच कोपऱ्यात तडकलेली.
त्यानंतर त्याच छत्रीखाली मी
गाद्या विकल्या, टाईल्स, दातांचा एक दवाखाना,
कॅसिनोचा नववर्षाचा फलक.
नावं बदलली, वाक्याची कंबर तीच.
लोक म्हणायचे, तुमचा हात बसलाय.
बसलाच होता.
उठायचं नाव नव्हतं.

रात्री पत्र लिहिलं.
'मॅडम, आपल्या माहितीसाठी' अशी सुरुवात,
मग बावीस वर्षांचा अनुभव, मग ती छत्री,
मग 'ब्रँड' हा शब्द चार वेळा.
पाठवलं नाही. पुसलंही नाही.
अजून पडून आहे मसुद्यांत
खाऱ्या बांगड्यासारखं.

तिसऱ्या दिवशी एकटाच गेलो, म्हापशाला बस बदलून.
नोव्हेंबर. मीठ कुठेच नव्हतं.
नुसता चिखल, आणि कासोटा मारलेल्या बायका
ओळीने जमीन तुडवताना:
टाच, चवडा, पुन्हा तीच जागा.

गेल्या वर्षी केली होती ना ही? मी विचारलं.
बाईंनी खुळ्याकडे पाहावं तसं पाहिलं.
पावसात सगळं जातं, म्हणाल्या.
बांध जातात, तळ फुगतो.
गेल्या वर्षीच्या जमिनीवर पाणी धरलंत
तर मिठाऐवजी काळा गाळ उचलाल.
माझ्या सासूने पन्नास वर्षं तुडवली,
एकावन्नाव्या वर्षी जमिनीने
तिला काही ओळख दाखवली नाही.

पलीकडे खाडीच्या तोंडाशी फळ्यांचं दार होतं,
भरती आत घ्यायचं, नको तेव्हा अडवायचं.
त्याला इथे मानस म्हणतात.
इतकी वर्षं गोव्यात राहून
हा शब्द मी कुठेच वापरला नाही.
बरंच झालं,
वापरला असता तर बक्षिसासाठी वापरला असता.

बूट काढले.
या, असं कोणी म्हणालं नाही. नका, असंही नाही.
पहिल्या वीस मिनिटांत तीन ओळी सुचल्या,
तिन्ही छत्रीच्याच.
मग सुचणं थांबलं.
पाय चालू होते.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने
माझ्या पोटऱ्यांकडे पाहिलं.
"बसूं नाकात, सीट म्हेळी जातली."
म्हापशापर्यंत
उभाच आलो.