आबेर्सेलेस

फॅक्सवर तो शब्द आला तेव्हा
मला वाटलं कुणाचं तरी आडनाव आहे.
हाबेरसेलेस. असेल मेक्सिकोतला कुणी गोडाऊनवाला.
डिक्शनरीत शोधलो, मिळाला नाही.
आडनावं डिक्शनरीत कुठली मिळायला!
पेन्सिलीनं गोल केलो, फायलीला लावलो.

उद्यमबागेत त्या वर्षी
बारा पेट्या व्हॉल्व्ह तडकले म्हणून परत आले,
आणि तडा ऐकायचं काम नीलव्वा तळवारचं.
छोटी हातोडी, एक टोला, मान तिरकी.
टण्ण म्हटलं तर पास, थप्प म्हटलं तर बाजूला.
सोळा वर्षं.
मालक म्हणाले, कान गेले हिचे.
तिनं हातोडी पदराला पुसली, टेबलावर ठेवली,
पिरनवाडीची बस धरली.

आता टिळकवाडीत, बेकरीच्या माडीवर
फिलोमिना मिस फळ्यावर लिहितात: आबेर.
म्हणजे असणं, पण नुसतं मदतनीस.
एच लिहायचा, बोलायचा नाही.
सर्वनामं एरवी पुढं चालतात,
पण आबेर असा मूळ रूपात उभा राहिला
की मागून येऊन त्यालाच चिकटतात.
मुख्य क्रियापदाला कधी नाही हं, मदतनिसाला.
शब्द लांबतो, म्हणून डोक्यावर एक तिरकी रेघ.

मग खडूनं गाठ सोडवतात:
आबेर. से. लेस.
झालेलं असणं. आपोआप. त्यांच्या हातून.

गोडाऊनवाला कुणी नव्हताच.
बंदरात त्यांच्या हातून पेटी पडल्यामुळं,
एवढंच लिहिलेलं.
पाडली नव्हे, पडली.
'से'नं हमालांना सोडवलं होतं,
नीलव्वालाही सोडवलं असतं.

गृहपाठ: तिला ते सांगितलं असतं तर.
दे आबेर्सेलो दिचो.
ती आणि ते, दोघंही मदतनिसाच्या पाठीवर;
सांगणं मागून मोकळ्या हातानं येतंय.
नीलव्वा म्हणेल हेळिद्दरे. एकच शब्द,
कुठं फट नाही, टण्ण वाजणारा.
मी वहीत लिहितो, सांगितलो असतो तर.
पुण्याचा साडू हसतो, सांगितलं म्हण रे.
आमच्यात मी क्रियापदालाच चिकटतो,
काय करू.

रविवारी पिरनवाडीला जायचं म्हणून
जुनी फाइल काढलो.
फॅक्सचा कागद, अक्षरं केव्हाच उडालेली.
पेन्सिलीचा गोल तेवढा आहे,
आत काही नाही.
घडी करून खिशात घातलो.