अकरा नंबरजवळचं स्टूल

कॉलेजात एक तक्ता होता आमच्या,
पिवळ्या चार्टपेपरवर, स्केचपेननं:
रुग्णाकडे तोंड करून बसा.
हाताची घडी घालू नका.
थोडं पुढे झुका. डोळ्यांत पाहा.
प्रात्यक्षिकाला मी रुग्ण आणि प्रिस्का साळवे नर्स.
ती एवढी झुकली की दोघींना हसू आवरेना.
दहापैकी चार मिळाले तिला.

तक्त्यात हे नव्हतं, खैरनार,
की बसायला स्टूलच नसतं.
सिव्हिलच्या या वॉर्डात खाटा चाळीस, स्टूलं सहा,
त्यांवर पिशव्या, डबे, एक्स-रेची पाकिटं,
कुणाचा तरी गडावरचा प्रसाद.

माझ्याकडे एक वाक्य होतं, फार चालणारं:
काळजी करू नका, सगळं ठीक होईल.
सिरिंज भरता भरता आपोआप यायचं तोंडात.
सातपूरचा एक फिटर होता, बबन निमसे.
त्याच्या बायकोला मी ते दारातूनच दिलं,
हातात ट्रे, पाय चालते.
तो पहाटे गेला.
सोळाव्या दिवशी ती आली, कागदावर शिक्का घ्यायला.
भांडली नाही.
म्हणाली, "तुम्ही बोलला होतात म्हणून
मी घरी गेले त्या रात्री. पोरांच्या भाकरी करायला."
मी शिक्का मारला. शाईवर फुंकर घालत राहिले,
वाळली तरी.

तुला परवा म्हणूनच ओरडले.
अकरा नंबर, धवळू भोये, सुरगाण्याकडचा,
बरगडीतून नळी, खाली बाटली,
दिवसा भरणारी, रात्री कोरडी.
तीन दिवस डॉक्टर त्या बाटलीकडे बघत होते.
बायको, मंजुळा, खाटेखाली निजायची.
समजलं का, असं विचारलं की मान हलवायची.
तू केसपेपरवर लिहिलंस: नातेवाइकांना समजावले.
अक्षर छान आहे तुझं.

मग तुला स्टूल आणायला लावलं.
मी बसले, गुडघे कुरकुरले.
विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, ही नळी कशाला लावलीय?"
आणि गप्प राहिले.
तू घड्याळाकडे पाहिलंस. मीही पाहिलं, खोटं कशाला बोलू,
आठ नंबरचं सलाईन संपत आलं होतं.
गप्प बसणं रजिस्टरच्या कुठल्या रकान्यात लिहायचं
हे एकवीस वर्षांत मला सापडलेलं नाही.

ती बोलली तेव्हा तिच्या बोलीत, भरभर.
मी म्हटलं, "हळू सांगा बाई, मला अर्धंच कळतंय."
त्यावर हसली ती. तीन दिवसांत पहिल्यांदा.
मग बोटांनी, खुणांनी, पुन्हा सांगितलं:
नळीतून नवऱ्याचं रक्त काढून घेतात, रोज थोडं थोडं.
म्हणून सगळे झोपले की
ती चिमटीत धरून बसायची नळी,
उजाडेपर्यंत.

तिची बोटं बघितलीस तू?

पावणेतीनला फोन लावला मी, डॉक्टर झोपेत.
सर, अकरा नंबर. ड्रेन रात्री अडत होता.
कारण कळलंय. आता वाहतोय, दम कमी आहे.
येऊन बघाल का?
चार वाक्यं. तुझ्यासमोर मुद्दाम मोजून बोलले.
त्यांनी विचारलं, कोणी शोधलं?
म्हटलं, तिनंच सांगितलं.

आणि मग तिनं विचारलं, जगेल का.
जुनं वाक्य आलं जिभेवर, अगदी टोकावर,
औषधासारखं कडूही नाही ते, गोडच लागतं.
गिळलं.
म्हटलं, "मला माहीत नाही.
रात्रभर मी इथं आहे. सातला जाईन,
जाताना सांगून जाईन."

सातला गडबडीत विसरले.
त्र्यंबक नाक्यापर्यंत आले होते, चहा सांगितला होता,
तशीच फिरले मागे.
ती स्टुलावर बसून झोपलेली, डोकं खाटेच्या कडेवर,
हात मोकळे.
उठवलं नाही.
तुला म्हटलं, जागी झाली की सांग,
सिस्टर येऊन गेली.

सांगितलंस ना, खैरनार?