दोघींचं जुळलं तर

सेलूच्या बसस्टँडमागं, झेरॉक्सच्या दुकानावर
माझी खोली. एक पंखा, दोन स्क्रीन
आणि चौदाशे मीटर खोल समुद्र.

फोटोमागून फोटो. गाळ. गाळ. एक कोळंबी.
मग काळ्या खडकावर पांढरं काहीतरी,
उमललेलं, की नुसतं साचलेलं?
शेजारी लेसरचे दोन लाल ठिपके,
त्यांच्यात दहा सेंटीमीटर,
तेवढंच इथं मोजमाप.

खडक ओळखीचा आहे. आमच्या विहिरीचाही असाच.
रज्जाकचाचा तिच्यात बुडी मारायचे :
पडलेली कळशी, मोटारीचा फुटवाल, एकदा नथ.
वर आले की आधी मूठ उघडायचे,
मग नाव सांगायचे.

मला मूठ नाही.
कड बघायची, तळाशी काचेच्या सुयांचा झुबका बघायचा,
जिवंत, की मेल्यावर उरलेली जाळी.
पाच उभे. दोन आडवे. एक अर्धा चौकटीबाहेर.
एकट्याला स्पंज म्हणतात, एवढ्यांना वस्ती.
लिहिते : वस्ती.
खात्रीचा रकाना रिकामा.

तिकडं उदगीरला तस्लीम हाच फोटो बघतेय.
माझं उत्तर तिला दिसत नाही, तिचं मला.
जुळलं तर नकाशावर एक खूण,
मग तिथून जाळं ओढू नका, असं कुणाला तरी सांगता येईल.
नाही जुळलं तर दगड.

लाईट जाते. पंखा थांबतो,
इन्व्हर्टरवर समुद्र तेवढा चालू.
खालून आवाज : "आधार दोन्ही बाजूंनी काढू का?"

'शंका' टाईप करते. खोडते.
पुन्हा तेच ठेवते.
तस्लीमला फोन करायला मनाई आहे.