साडेबाराचा भोंगा
(उम्म अल कुवैन, जुलै)

पालक ओमानहून येतो, मंगळवारी, बर्फात.
देठं खुडून मी तो अंधारात वाटते,
हिरव्या मिणमिण्या दिव्याखाली;
हिरवं पानाला फारसं दिसत नाही म्हणून.

मग लेझर.
पहिल्या स्पंदाने टिचकी,
दुसऱ्याने विचारायचं : कुठवर आलीस?
ती तोवर गेलेली.
एका हरितद्रव्याने दुसऱ्याच्या ओंजळीत टाकलेली,
कारण हातात धरून बसलं
तर पानच भाजतं.

पापणी लवते न लवते,
असं आपण म्हणतो. किती ऐसपैस बोलतो!
एका पापणीत अशा उड्या
महापद्म.
चौथीत छडी खाऊन पाठ केलेला आकडा
आज पहिल्यांदा वहीत उतरवला.

बाहेर सत्तेचाळीस.
भोंगा झाला. उन्हातली कामं तीनपर्यंत बंद.
खाडीकाठी तिवराच्या तुटपुंज्या सावलीत
खिमानंद नळी गुंडाळून बसलाय.
तिवर. आमच्या आचऱ्याचंच झाड,
इथे मिठाने जरा खुजं.

"इतकं ऊन, मॅडम. झाड खातं किती?"
"आत्ता? थोडंच.
बाकीचं पिवळी द्रव्यं झेलतात
आणि ऊब करून सोडून देतात."

तो वर बघतो. पानं गप्प.
"म्हणजे यांनाही सुट्टी,"
म्हणतो, आणि डबा उघडतो.

देठांची पिशवी मी त्याच्याजवळ ठेवते.
रात्री खोलीवर सहा जणांत
तो त्याची भाजी करतो.
मीठ, म्हणतो, कमीच लागतं.