प्रात्यक्षिक, वीस गुण

तडवी सरांनी फळ्यावर दोन चौकोन काढले.
एकात लिहिलं प्रेषक, दुसऱ्यात ग्राहक,
मधे बाण, बाणाखाली नागमोडी रेघ:
गोंगाट.
पंखा नेमका तेव्हाच खडखडायला लागला.
सर म्हणाले, हे उदाहरण परीक्षेत लिहू नका,
मागच्या बॅचने सगळ्यांनी लिहिलंय.

मी चौकोन वहीत उतरवले, पट्टी लावून.
आईला सांगितलं, संज्ञापन शिकते.
आई म्हणाली, म्हणजे नर्सिंगसारखं?
मी हो म्हणून टाकलं, दोनदा.
आता गल्लीतल्या बायका
ब्लडप्रेशर दाखवायला येतात.

दुसऱ्या सत्रात प्रात्यक्षिक आलं:
लोकांचं बोलणं, पंधरा मिनिटांची ध्वनिफीत.
हर्षालीने घेतला धुळे स्टँडवरचा घोषणावाला,
भटूने त्याच्या काकाची बँडपार्टी.
मला आठवला सुपडूमामा,
दोंडाईच्याच्या गुरांच्या बाजारातला दलाल.
चाळीस वर्षं दुसऱ्यांचे बैल विकतोय,
तोंड चालत असणारच.

बाजारात मी एकटीच मुलगी, चहावाली सोडून.
कानाला हेडफोन, हातात कॉलेजचा रेकॉर्डर,
त्याच्यावर 'विभाग' एवढंच अक्षर उरलेलं.
मामाने खांद्यावरचा रुमाल सोडला,
शिरपूरकडच्या एका माणसाचा हात त्याखाली घेतला,
आणि दोघं दोन दिशांना बघत उभे राहिले,
एकमेकांना ओळखतच नसल्यासारखे.
रुमाल तेवढा हलत होता,
आत मांजराचं पिल्लू असावं तसा.
निमाडी जोडी शेपटीने माश्या वारत होती.
मग मामा म्हणाला, ने.
मी माइक वळवेपर्यंत तो शब्द संपला होता.

मामा, बोला ना काहीतरी, मार्क आहेत याला.
हाऊ बोलाना धंदा नही शे, बेटी.
बोलनं का भाव फुटस.
मग थोडं थांबून: हात दे आठे.

रुमालाखाली ऊब होती.
त्याने माझी चार बोटं धरली, सोडली,
मग दोन, मग मधल्या बोटाचं पेर दाबलं,
जिथे पेन धरून धरून घट्टा पडलाय.
गेल्या महिन्यात सोनगीरहून मला बघायला आले होते,
त्यांनी सगळं मोठ्याने विचारलं होतं,
ओट्यावरच्या पोरांनाही ऐकू जाईल असं.
बैलांचं मात्र इथे झाकून.

काय समजनं तुले?
बेचाळीस हजार.
आन् अर्धा? मामा हसला. अर्धा इसरनी तू.

ध्वनिफितीत आलं ते असं:
घुंगुरमाळा, एक म्हैस, पाण्याचा टँकर,
दूर कुठेतरी टमटम,
कुणीतरी थुंकलं, तेवढं अगदी स्वच्छ.

वर्गात पंधरा मिनिटं पूर्ण लावली.
भटू म्हणाला, सर, हिचा तर सगळा गोंगाटच.
सरांनी डोळे मिटले होते.
नवव्या मिनिटाला, जिथे काहीच नाही, ते म्हणाले,
इथे सौदा झाला.
कसं कळलं सर?
ते यावलचे, एवढंच मला ठाऊक होतं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, उत्तर दिलं नाही.
पहिल्या बाकावरून मला दिसत होता
टेबलाखालचा त्यांचा उजवा हात,
उताणा, बोटं थोडी वाकलेली.

शेऱ्यात लिहून आलं:
बोलणारी व्यक्ती ऐकू येत नाही.
गुण साडेबारा.
अर्धा कशाचा, ते विचारायला मी गेले नाही.

परवा केवळबाई आली, उंबऱ्यात बसली,
मनगट पुढे केलं.
मशीन नाहीये मावशी, मी सांगणार होते,
आणि हेही की मी ते शिकतच नाही.
पण हात पुढेच होता.
मी धरला.
नाडी बघतेय असं तिला वाटलं असणार.
बऱ्याच वेळाने, रस्त्याकडे बघत,
ती बोलायला लागली.