चाळीस सेकंद

कळे सोडलं की एक काडी पडते,
साळवण सोडलं की दुसरी,
तळीवाडीच्या फाट्यावर फोनचं नुसतं घड्याळ होतं.
तरी सुपारी घेतलेली असते आम्ही:
जत्रेचं मैदान, तीनपासून अंधार पडेपर्यंत, लाइव्ह.

दस्तगीर नदाफ कॅमेरा घेऊन आखाड्याच्या कडेला,
मी पाण्याच्या टाकीवर,
कारण अख्ख्या गावात रेंज राहायला आहे ती तिथंच,
शिडी संपते तिथनं वर दीड हात.
चार कंपन्यांची चार सिमं एका डब्यात,
डबा बांबूला, बांबू टाकीच्या पाइपाला सुतळीनं.
माझ्या बापानं शुक्रवार पेठेत अशाच वायरी ओढल्या,
कौलांवरनं, गच्च्यांवरनं, घरटी दीडशे रुपये महिना.
म्हणायचा, पडद्यावर मुंग्या आल्या
की लोक शिव्या आपल्याला देतात, मुंग्यांना नाही.

चारातली दोन सिमं मेलेली. तिसरं आचके देतंय.
मग मी उशीर वाढवतो,
दहाचे वीस, विसाचे चाळीस सेकंद.
म्हणजे इथं घडलेलं डबा आधी पोटात धरतो
आणि म्हशीसारखा रवंथ करत
सावकाश वर पाठवतो.
चित्र तुटत नाही. फक्त जग मागं राहतं.

बघणारे एकशे बारा.
त्यातला एक मीच, तपासायला उघडलेला.
एक वेर्ण्यात, कारखान्याच्या गेटवर,
वॉचमनच्या खोपीत: धुळाजी झोरे.
रजा मिळाली नाही. पोरीची कुस्ती सहाव्या नंबरला.
दर दहा मिनिटांनी फोन,
'चित्र थांबलंय, का माझाच मोबाइल थांबलाय?'

प्रांजल उतरली तेव्हा ऊन टाकीच्या बुडाशी आलेलं.
समोर मुरगूडची, अंगानं भरलेली.
धुळाजी फोन ठेवेना.
'असू दे चालू. हलगी ऐकू येतीया तिकडची.'
मला तेव्हाच उमगायला हवं होतं:
त्याच्या कानाला आत्ताची हलगी,
डोळ्यांना मघाची पोरगी.

पट काढला तिनं. सुटला.
मुरगूडचीनं ढाक लावली, आणि वरनं मला
ताटाएवढा लाल आखाडा दिसला,
ताटात प्रांजलची पाठ.
पस्तीस सेकंद, जेमतेम.
हलगी फुटली, मैदान उठलं,
मी फोनवर तळवा दाबला.

का, ते अजून नीट सांगता येत नाही.
लॅपटॉपवर ती आत्ता कुठं
वाकून माती कपाळाला लावत होती.
वेर्ण्यात ती हरली नव्हती.
खाली खरी प्रांजल गुडघे झाडत,
कुणाकडं न बघता गर्दीतनं निघाली पण,
आणि स्क्रीनवर दोघी हात मिळवत होत्या.
मी मोजत होतो. एकवीस. बावीस.
पट काढला तिनं. सुटला.
तळव्याखाली फोन गरम,
आत कुणी श्वास धरून बसल्यासारखा.

चाळीस. हात काढला.
पलीकडं ट्रकचा हॉर्न, मग बराच वेळ काही नाही.
'आवाज गेला तवाच कळलं मला,' धुळाजी म्हणाला.
'जिंकल्यावर कोण असा हात ठेवतंय?'
आणि जरा थांबून,
'पट मात्र चांगला काढला. सोच्छ दिसला.'
गेट उघडायचं होतं त्याला.

दस्तगीर खालनं ओरडला,
सातवी लावल्यात, वर जातंय का बघ.
मी उशीर तिसावर आणला.
चित्र तुटायला लागलं.
परत चाळीस.